बजेट आधी लेन्सला

लग्नाची कामं घ्यायची तर पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नसतो. 24 मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे साधारण 6000 बाय 4000 पिक्सेल, 300 डीपीआयला 20 बाय 13 इंच छापता येतो. अल्बमच्या पानाला एवढं पुष्कळ झालं. दुकानदार 45 चा आग्रह धरेल, धरू द्या.

खरा पैसा लेन्समध्ये घालावा. एफ/4 पेक्षा एफ/2.8 दुप्पट प्रकाश आत घेते. अंधाऱ्या हॉलमध्ये 1/100 सेकंदाला हललेली वरमाला 1/200 ला बऱ्यापैकी स्थिर मिळते, आयएसओ न वाढवता. शिवाय बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स टिकते: 1987 पासूनच्या कॅननच्या ईएफ लेन्स 2018 मध्ये आलेल्या आरएफ माउंटवर अॅडॉप्टर लावून आजही चालतात. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं मात्र जपून. ज्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही, त्या एफटीझेड अॅडॉप्टरवर हातानेच फोकस कराव्या लागतात.

बॉडीत दोन कार्डांची सोय हवीच. मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत.

सेकंडहँड घेताना शटर काउंट विचारा आणि लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात ती हमखास धरते, म्हणून लेन्स चामडी केसमध्ये न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी.

आणि महागडी लेन्स वर्षातून दोनदाच लागणार असेल, तर सरळ भाड्याने आणा.