असाध्य कर्करुग्णांची वेदना आणि शासनाचे उत्तरदायित्व

साध्यासाध्य विचार हा आयुर्वेदीय चिकित्सेचा पाया आहे. परंतु व्याधी असाध्य ठरला म्हणून रुग्णाची वेदना उपेक्षणीय ठरत नाही. कर्करोगाच्या अंतिम अवस्थेत शस्त्रकर्म, किरणोपचार व रसायनोपचार थांबतात आणि रुग्णास घरी पाठविले जाते. त्यानंतर त्याचे दायित्व कोणाचे? आमच्या मते ते प्रथमतः शासनाचे आहे.

याचे कारण केवळ भूतदया नव्हे. तीव्र वेदनेवरील प्रमुख औषध मॉर्फिन हे अफूपासून मिळते आणि अफूवर संपूर्ण नियंत्रण शासनाचेच आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात केंद्राच्या परवान्यानेच तिची लागवड होते. नीमच व गाझीपूर येथे शासकीय कारखाने आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर राज्याराज्यांचे निरनिराळे नियम व अनेक परवाने यांमुळे रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच टाळले. २०१४ च्या दुरुस्तीने देशभर समान नियमांचा मार्ग मोकळा केला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस राज्य औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. ज्याच्या हाती कुलूप, त्याच्याच हाती किल्ली. ती वापरण्याचे कर्तव्यही त्याचेच.

केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले व स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत परिचारिका रुग्णांच्या घरी पोहोचविल्या. महाराष्ट्राचे धोरण २०१२ चे आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून शांती आवेदना सदन ही सेवा देत आहे. परंतु सेवाभावी संस्थांवर राज्याचा भार टाकता येत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनच्या गोळ्या, प्रशिक्षित डॉक्टर व गृहभेटीसाठी परिचारिका असावी, ही मागणी आपल्या संघटनेने लावून धरावी.

अशी मागणी करताना आपले आचरणही निर्दोष हवे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने निषिद्ध आहे. वैद्यांनी व औषधी विक्रेत्यांनी निराश कुटुंबाला खोट्या आशेपायी कर्जात लोटू नये. मुखपाक, मलावष्टंभ, अग्निमांद्य यांवर उपचारक डॉक्टरांच्या विचाराने साहाय्य करावे. वेदना तीव्र असल्यास विलंब न लावता मॉर्फिन उपलब्ध असलेल्या केंद्राकडे पाठवावे.

रुग्णास जीवदान देणे प्रत्येक वेळी शक्य नसते. वेदनामुक्त अंत देणे मात्र बहुतांशी शक्य असते, आणि जे शक्य आहे ते नाकारणे हा अन्याय होय.