डायलिसिसची भीती आहे, तपासणी मात्र नाही

तंजावर परिसरातील एका मधुमेह बाह्यरुग्ण विभागात मी प्रश्नावली घेऊन बसलो होतो. समोरचे गृहस्थ कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतकरी. मधुमेह जडून १२ वर्षे झालेली. ‘तुम्हाला पुढे मूत्रपिंडाचा विकार होईल असे वाटते का?’ या प्रश्नावर ते हसले. ‘लघवी साफ होते, अय्या. मग मूत्रपिंडाला काय धाड भरलीय?’ डायलिसिसचे नाव काढताच मात्र त्यांचा चेहरा उतरला. ‘ते नको. त्यात घर बुडते.’

या दोन उत्तरांमधले अंतर मोजणे, हेच माझे काम.

तमिळमध्ये मूत्रपिंडाला ‘सिरुनीरगम’, म्हणजे लघवीचे घर म्हणतात. मराठी शब्दातही मूत्र आहेच. त्यामुळे लघवी होते तोवर मूत्रपिंड शाबूत, हा समज जणू भाषेतूनच येतो. वास्तव उलट आहे. मधुमेहात लघवीवाटे अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागते, तेव्हा रुग्णाला काहीही जाणवत नाही; पायांवर सूज दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणूनच टाइप-२ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासावे, असे वैद्यकीय संकेत सांगतात.

लोक अशी तपासणी का टाळतात, हा प्रश्न जुनाच. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी मोफत क्ष-किरण तपासणी असूनही लोक येईनात. त्याचा शोध घेताना हॉखबाउम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी ‘आरोग्य-श्रद्धा प्रारूप’ मांडले. मला हा रोग होऊ शकतो का, झाला तर किती गंभीर, उपायाचा लाभ काय आणि त्यातल्या अडचणी कोणत्या, या चार धारणा वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. आमच्या शेतकऱ्याची गांभीर्याची जाण भरपूर, स्वतःच्या धोक्याची जवळजवळ शून्य. दोन्हींची बेरीज करून ‘जागरूकता मध्यम’ असा शेरा मारला, तर नेमके दुखणेच झाकले जाते.

मोजमापात आणखी खाचखळगे आहेत. पुस्तकी शब्दांत विचारले तर उत्तर अंदाजाने येते. पांढरा कोट घालून विचारले तर रुग्ण प्रत्येक विधानाला आदराने होकार देतो. म्हणून प्रश्नावलीचे भाषांतर करून ते उलट तपासावे लागते आणि काही विधाने मुद्दाम चुकीची ठेवावी लागतात. ‘मधुमेहाच्या गोळ्यांनीच मूत्रपिंड खराब होते’ हे त्यातले एक. त्यालाही अनेक जण होकार देतात, आणि मग तो केवळ आदराचा नाही हे बोलताना उमगते. हेच लोक गोळ्या मध्येच सोडतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र निर्धास्तपणे घेतात. मूत्रपिंडाला खरा धोका त्यांचा असतो.

येथे धोरणाचा प्रश्न येतो. आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू आहे आणि तो हवाच. पण डायलिसिस हा प्रतिबंध नव्हे. चेन्नईचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने गावातल्याच प्रशिक्षित मुलींकडून लघवीची साधी तपासणी करवून, स्वस्त औषधांनी रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवता येते, हे फार पूर्वी दाखवून दिले. तमिळनाडूत २०२१ पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेतून मधुमेहाची औषधे घरपोच मिळतात. औषध देणाऱ्या कार्यकर्तीने वर्षातून एकदा चार प्रश्न विचारावेत, लघवीचा नमुना घ्यावा आणि उत्तरांची नोंद ठेवावी. कोणत्या गावात भीती आहे पण धोक्याची जाणीव नाही, कुठे जाणीव आहे पण तपासणीसाठी मजुरी बुडते, हे त्यातून कळेल. दोन्ही गावांना एकच भित्तिपत्रक पुरणार नाही.

याच तंजावरात सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या. रोगाबरोबर रोग्याची समजूतही नोंदवणे, हे आजचे काम आहे.

निघताना त्या शेतकऱ्याने लघवीच्या तपासणीचा कागद मागून घेतला. म्हणाले, ‘बारा वर्षांत साखर सगळ्यांनी विचारली, हे कोणीच विचारले नाही.’