४ रुपये ३५ पैशांतला १ पैसा गेला कुठे?

समजा, नंदुरबारच्या मार्केटमधून लाल मिरची आणून तुम्ही तिखटाची छोटी पाकिटं भरता. दुकानदारांना होलसेल भाव ४.३५ रुपये. बिलाचा प्रोग्राम तुम्हीच पायथनमध्ये लिहिलाय. रेझरपेसारखे पेमेंट गेटवे रक्कम पैशांत, पूर्णांकात मागतात. म्हणून तुम्ही लिहिलं: इंट(४.३५ * १००). उत्तर यायला हवं ४३५, येतं ४३४!

५,००० पाकिटांवर ५० रुपये कमी. रक्कम छोटी आहे, पण बिल २१,७५० चं आणि जमा २१,७०० म्हटल्यावर हिशेब जुळवताना अख्खी संध्याकाळ जाते.

झालं काय? कॉम्प्युटरने गुणाकार काढला ४३४.९९९९९९९९९९९९९४. आणि 'इंट' जवळच्या आकड्याला नेत नाही, दशांश सरळ कापून टाकतो.

आता हे ९९९ आले कुठून? आजोबांना पावकी, निमकी पाठ असायची ना, कॉम्प्युटरचंही तसंच आहे. त्याचे अपूर्णांक अर्धा, पाव, अर्धपाव, एक सोळांश असेच, दर वेळी निम्मे होत जातात. पाव किलो म्हणजे ०.२५ तो अचूक ठेवतो. पण ०.१ या तुकड्यांत कधीच पूर्ण बसत नाही, जसं १ भागिले ३ आपण ०.३३३ लिहीतच राहतो. अशा संख्येला फ्लोट म्हणतात; त्यात जवळचा आकडा साठतो. गंमत बघा, १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे होते. आण्यांचा हिशेब फ्लोटमध्ये बिनचूक बसला असता, आपला १०० पैशांचा बसत नाही!

उपाय सोपा आहे. भाव पहिल्यापासूनच ४३५ पैसे असा पूर्णांकात ठेवा, वजन ग्रॅममध्ये. जुना प्रोग्राम असेल तर इंटच्या आत राउंड घाला. डेसिमल वापरणार असाल तर '४.३५' अवतरणात द्या; नाहीतर बिघडलेला फ्लोटच आत जातो. रुपयात राउंड करायचं ते शेवटी, एकदाच.

आणखी एक. फॉर्ममधून आलेला आकडा हा आधी मजकूर असतो. '२५०' आणि '५०' तसेच जोडले तर २५०५० होतात, ३०० नाही. त्यात गिऱ्हाईकाने मराठी कीबोर्डवरून २५० टाकलं तर पायथनचा इंट ते गुपचूप समजून घेतो, पण जावास्क्रिप्टचा नंबर 'हा आकडाच नाही' असं सांगतो. तुमचा ऑर्डर फॉर्म कशात आहे ते आजच तपासा, आणि मराठी अंक टाकून एक खोटी ऑर्डर करून बघा.