अर्धशायी सायकल : घाटरस्त्यासाठी घटकांची निवड

पाठ टेकून व पाय पुढे पसरून चालविण्याची सायकल. नेहमीच्या सायकलीत [⟶ सायकल] स्वाराचा भार अरुंद बैठक, हात व पेडल यांवर विभागला जातो. अर्धशायी सायकलीत बैठक रुंद व मागे कललेली असून पेडल पुढच्या बाजूस असतात. त्यामुळे मनगटे व मान यांवरील ताण कमी होतो, तसेच वाऱ्यासमोर येणारे क्षेत्रफळ लहान झाल्याने सपाट रस्त्यावर हवेचा रोधही घटतो.

शार्ल मोशे या फ्रेंच निर्मात्याच्या अशा सायकलीवर फ्रान्सिस फोर याने १९३३ मध्ये पॅरिस येथे एका तासात ४५.०५५ किमी. अंतर कापले. तथापि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघाने शर्यतीच्या सायकलीची व्याख्या बदलून हा प्रकार आपल्या स्पर्धांतून वगळला. त्यामुळे त्याचा प्रसार मर्यादित राहिला. ही सायकल पुष्कळदा सुटे भाग जमवून बांधली जाते, म्हणून घटकांच्या निवडीस विशेष महत्त्व येते.

निवडीचा पहिला आधार म्हणजे रस्ता. मावळात इंद्रायणीच्या खोऱ्यातील लोणावळा–कामशेत–वडगाव मार्गावरील चढउतार सौम्य आहेत. याउलट खोपोलीहून शिंग्रोबा मंदिरावरून लोणावळ्यास येणारा बोर घाटातील जुना रस्ता सु. १५ किमी.मध्ये सु. ५५० मी. चढतो व त्याचे काही टप्पे सरासरीपेक्षा बरेच तीव्र आहेत. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती महामार्गावर सायकलींना मज्जाव आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत घाटाचा टप्पा प्रथम पार करणारा ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविला जातो.

दंतचक्रे व साखळी : तीव्र चढावर नेहमीच्या सायकलीचा स्वार उभा राहून शरीराचा भार पेडलवर टाकतो. अर्धशायी सायकलीत हे शक्य नसते. म्हणून पायांवर अतिरिक्त जोर न देता चढता येईल इतका हलका गिअर आवश्यक ठरतो. स्वार, सायकल व सामान यांचे वजन ९० किग्रॅ. आणि स्वाराची शक्ती १२० वॉट धरल्यास शेकडा ८ चढावर वेग ताशी सु. ५.५ किमी. एवढाच राहतो. २.१ मी. परिघाच्या मागील चाकासाठी पुढे २६ व मागे ३६ दात घेतल्यास पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सु. १.५ मी. पुढे जाते व मिनिटास ६० फेऱ्यांत हा वेग साधतो. पुढे ३० व मागे ३४ दात असल्यास तेवढ्याच फेऱ्यांसाठी ताशी ६.७ किमी. वेग राखावा लागतो, म्हणजे अधिक शक्ती लागते. मागील चाक लहान घेतल्यास गिअर आपोआप हलका होतो, मात्र उताराच्या व सपाट रस्त्यासाठी पुढचे मोठे दंतचक्र अधिक दातांचे ठेवावे लागते.

साखळी नेहमीपेक्षा दुपटी-तिपटीने लांब असून ती बैठकीखालून कप्पीवरून नेतात. ताणाच्या बाजूची कप्पी दातेरी व चांगल्या बेअरिंगची असावी, अन्यथा घर्षणात शक्ती वाया जाते.

चाके व टायर : पुढचे चाक बहुधा २० इंची असते. मात्र याच नावाखाली ४०६ मिमी. व ४५१ मिमी. व्यासांच्या रिमा मिळतात व त्यांचे टायर परस्परांस बसत नाहीत. मुलांच्या २० इंची सायकलींत रुळलेले ४०६ मिमी. माप प्रवासात बदली टायर मिळविण्यास सोयीचे पडते. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल जाते आणि स्वारास बैठकीवरून उठून धक्का टाळता येत नाही. म्हणून खडबडीत रस्त्यासाठी ३५ ते ४० मिमी. रुंदीचा टायर कमी दाबाने वापरणे हितकारक असते. लोणावळ्याचे वार्षिक पर्जन्यमान ४,००० मिमी.हून अधिक आहे. ओल्या डांबरावर पकड मुख्यत्वे रबराच्या प्रतीवर व हवेच्या दाबावर अवलंबून असते. टायरवरील खाचांचा उपयोग चिखलात होतो, डांबरावर फारसा नाही.

ब्रेक : वरील वजन घाट उतरताना सु. ४.८५ लाख जूल ऊर्जा मुक्त होते. हवेचा रोध कमी असल्याने तिचा मोठा भाग ब्रेकनेच शोषावा लागतो. रिमेवर दाबणाऱ्या ब्रेकने लहान रीम लवकर तापते व ट्यूब फुटण्याचा धोका संभवतो. पावसात रीम ओली असल्यास ब्रेक उशिरा लागतो. तबकडीच्या ब्रेकमध्ये उष्णता टायरपासून दूर राहते. म्हणून घाटासाठी दोन्ही चाकांना तबकडीचे ब्रेक घेणे इष्ट. त्यासाठी चौकट, पुढचा चिमटा व हब तबकडी बसविण्याजोगे हवेत. तेव्हा ब्रेकचा निर्णय प्रथम, टायर व गिअर यांचा नंतर व वजन कमी करण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. स्वार ट्रकचालकाच्या नजरेखाली राहत असल्याने उंच काठीवरील ध्वज व मागचा तांबडा दिवा हेही आवश्यक घटकच समजले पाहिजेत.