कचऱ्याची कुळकथा (भाग ५) : घर कुठे संपते, कारखाना कुठे सुरू होतो?

मागच्या भागात रुग्णालयांतल्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांचे नियम पाहिले. तिथे निदान कचरा कुठून निघाला याचा वाद नसतो. सोलापूरच्या पूर्व भागात तोच प्रश्न सगळ्यात आधी उभा राहतो. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर आणि उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई. सकाळी घंटागाडी आली की भाजीची देठे, सुताचा गुंता, पानांची कातरण आणि तंबाखूची भुकटी एकाच बादलीतून रिकामी होते.

कायदा मात्र या बादलीकडे एक कचरा म्हणून पाहत नाही. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली २०१६ मध्ये घनकचरा, प्लास्टिक, जैववैद्यकीय, घातक, बांधकाम आणि ई-कचरा यांचे वेगवेगळे नियम आले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरोघर ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले. रस्त्यावर किंवा गटारात टाकायला, उघड्यावर जाळायला मनाई केली. पण आपल्या व्याख्येतून औद्योगिक कचरा त्यांनी स्पष्ट शब्दांत वगळला. म्हणजे जुन्या चादरीची चिंधी महापालिकेची, आणि मागाखालचा सुताचा गुंता उद्योगाचा. दोन्ही दिसायला सारखेच.

रंगाईखान्यात तर प्रकरण आणखी गंभीर. सांडपाण्यावर प्रक्रिया केल्यावर जो रासायनिक गाळ उरतो, तो घातक कचऱ्यात मोडतो. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र लागते, साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त तो साठवता येत नाही आणि नेताना गाडीसोबत नोंदीचे कागद लागतात. हा गाळ गुपचूप नाल्यात सोडणारा माणूस शेजाऱ्याच्या विहिरीत विष कालवतो आहे, एवढे स्पष्ट बोललेच पाहिजे.

विडीचे कोडे मला अधिक अस्वस्थ करते. भिजवलेले तेंदूपान पत्र्याच्या साच्याखाली धरून कात्रीने चौकोनी कापले जाते. कडा आणि शिरा खाली पडतात. पान आणि तंबाखू कारखान्याची, वळलेल्या विड्या कारखान्याच्या. कातरण तेवढी बाईची! १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. मजुरीपुरता कारखाना तिच्या दारापर्यंत आला, कचऱ्यापुरता मात्र अजून आलेला नाही. प्लास्टिक आणि ई-कचऱ्याच्या नियमांत उत्पादकाने आपला माल विकल्यावरही जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व आपण मान्य केले आहे. मग कातरणीलाच वेगळा न्याय का?

कोणी म्हणेल, एवढ्याशा कातरणीने किंवा सुताच्या गुंत्याने काय होते? तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोत ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज करणारा प्रकल्प उभारला गेला. असे प्रकल्प चालवतात ते हवाबंद टाकीतले सूक्ष्मजीव. त्यांना खरकटे हवे असते. सूत त्यांना सहज पचत नाही, उलट ढवळणाऱ्या दांड्याला आणि पंपाला गुंडाळून बसते. मिसळलेला कचरा डेपोवर वेगळा करायचा तर त्यात तंबाखूची धूळ नाकात घेत आणि काचेवर हात ठेवत कुणीतरी बसायचे. ते काम बहुधा गरीब बाईच्याच वाट्याला येते.

महापालिकेने पूर्व भागात घंटागाडीला सूत-चिंधीचा वेगळा कप्पा द्यावा आणि विडी कारखान्यांनी माल घेण्याच्या वेळीच कातरणीचे पोते परत घ्यावे. कामगार बाई विड्या द्यायला तिथे जातेच. येताना रिकामे पोते तिला कारखान्याने द्यावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. घनकचरा नियमांनुसार महापालिकेला स्वतःचे उपविधी करावे लागतात, आणि ही तरतूद त्यांत बसवता येते.

पुढच्या आठवड्यात : परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसे जमवायची तर महापालिकेला किमान तीन कामाचे दिवस आधी का कळवायचे?