घरासाठी लिहिलेले आयुष्य

कुटुंबासाठी लिहिलेल्या जीवनकहाणीचा वाचक बहुधा अजून पाळण्यात असतो, कधी जन्मायचाही असतो. घर कुठे होते, पाणी कुठून आणत, पणजीचे माहेरचे नाव काय, हे त्याला हवे असते आणि ते दुसऱ्या कोणत्याच पुस्तकात मिळत नाही.

मराठीतल्या अशा लेखनामागे बहुतेक वेळा घरातलाच कोणी ऐकणारा किंवा विचारणारा उभा आहे. सतराव्या शतकात तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंनी आपल्या बारा पूर्वजन्मांची कथा अखेरच्या काळात मुलाला, विठोबाला सांगितली. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या चरित्रासाठी मुलगा देवदत्त याला आठवणी हव्या होत्या, म्हणून त्याने आईला लिहायला सांगितले. त्यातून लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. शाळेत कधीही न गेलेल्या या बाईंनी बोलल्यासारखे लिहिले, आणि तेच त्या पुस्तकाचे बळ ठरले. १९३६मध्ये त्या वारल्या. अपुरा राहिलेला शेवटचा भाग देवदत्तांनी पुरा केला. पुढे नरेंद्र जाधव यांनी निवृत्त वडिलांना, दामोदर जाधवांना, असेच लिहिते केले. वडिलांच्या त्या टिपणांवर ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) उभे राहिले.

तळेगाव दाभाड्याच्या उत्तरेला असलेल्या नवलाख उंबऱ्यात असे लिहून ठेवण्याची निकड मोठी आहे. भातखाचरांच्या या टापूत तळेगावची औद्योगिक वसाहत आली आणि शिवाराचे रूप पालटले. या मावळ भागात प्रत्येक शेताला नाव असते. कागदावर मात्र आधी सर्व्हे नंबर होते, एकत्रीकरणानंतर गट नंबर आले. सातबाऱ्यात क्षेत्र आणि खातेदार सापडतो. बांधावरचा आंबा कोणी लावला, आवणीला म्हणजे भातलावणीला कोणाकोणाकडून माणसे यायची, हे म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक. जमीन गेली की शेताचे नाव उच्चारण्याचे कारणही जाते. म्हणून लिहायला बसताना आधी शिवाराचा हातनकाशा काढावा. विहीर, पाऊलवाट, देवाचे ठाणे दाखवू लागले की आठवणी आपोआप निघतात.

तारखा हा नेहमीचा अडसर. जुन्या माणसांची जन्मतारीख शाळेत अंदाजाने लावलेली असते. तिथे मोठ्या घटनांचा आधार घेता येतो: १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटले तेव्हा थोरला केवढा होता, ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपात घरी कोण होते, १९७२च्या दुष्काळात कोणाचे लग्न झाले. मग कागद पाहावेत. जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात, वारसांची नावे फेरफारात, आणि कित्येक घराण्यांच्या पिढ्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात. फार जुने कागद मोडी लिपीत असल्याने जाणकाराकडून वाचून घ्यावे लागतात.

या सगळ्या नोंदींत बायका कमी दिसतात. कुलवृत्तांतही बहुतांशी पुरुषांच्या वंशावळीने चालत आले. लग्नात नाव बदललेल्या आजीचे मूळ नाव तिथे मिळेलच असे नाही. त्यामुळे सुरुवात आजीपासून करणे शहाणपणाचे. तिचे माहेर, तिच्या जात्यावरच्या ओव्या, दगावलेली बाळे, यांतले काहीच सरकारी कागद सांगत नाही.

बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि जसेच्या तसे उतरवावे. ‘व्हता’चे ‘होता’ करू नये, अशा दुरुस्तीने मूळ झाकले जाते. विष्णुभट गोडसे यांनी १८५७च्या धामधुमीतला आपला प्रवास लिहून ठेवला, चिं. वि. वैद्यांनी तो १९०७मध्ये छापताना मजकुरात बदल केले. गोडशांचे मूळ लेखन वाचकांना मिळायला १९६६ साल उजाडावे लागले, तेव्हा दत्तो वामन पोतदारांनी हस्तलिखितावरून ते प्रसिद्ध केले.

वाटणीचे तंटे, कर्ज, दुरावलेली नाती यांविषयी काय लिहायचे, हे सांगणाऱ्यानेच ठरवावे. नको असलेला भाग वेगळ्या पाकिटात बंद करून त्यावर उघडण्याचे वर्ष घालता येते. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहावे. बॉलपेन कागदाला दाबतो, शाई उमटते. टंकलेल्या मजकुराच्या चार-पाच प्रती पुरतात. त्यांतली एक लग्न झालेल्या लेकीच्या सासरी, एक भावकीत आणि एक गावच्या वाचनालयात असावी. ध्वनिमुद्रणही एकाच फोनवर न ठेवता दोन ठिकाणी उतरवून घ्यावे.