वीजसंहितेचा वाचक : छापील ग्रंथ आणि अंकीय पाठ

१

विजेची मांडणी करणाऱ्या कारागिराने नियम पाहावयाचे ते छापील ग्रंथात की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. ग्रंथ महाग, जड व लवकर जुना होणारा. पडदा खिशात मावणारा, स्वस्त व अद्ययावत. तेव्हा निवड उघडच आहे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु नियमांचा ग्रंथ कथा-कादंबरीसारखा सलग वाचला जात नाही. त्यातील एखादे कलम शोधून काढले जाते व त्या कलमाबरहुकूम तार जोडली जाते. कलम भलतेच सापडले, अथवा त्याचा अर्थ भलताच लागला, तर परिणाम त्या घरातील माणसाच्या जिवावर बेततो. यास्तव या दोन माध्यमांची तुलना करताना ‘अधिक सोयीचे कोणते’ यापेक्षा ‘कोणत्या माध्यमात वाचकाची कोणती चूक होते’ हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार भाषेच्या अंगाने केला आहे.

उदाहरणादाखल धाराशिव जिल्ह्यातील कळंब घेता येईल. मांजरा नदीच्या काठचे हे तालुक्याचे ठिकाण. येथील तारतंत्र्यापुढे येणारी कामे नाना प्रकारची असतात : नव्या घराची वायरिंग, दुकानाची जोडणी, विहिरीवरील तीन फेजची मोटार, छपरावरील सौर संच, येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत उभी राहणारी तात्पुरती रोषणाई. ही सर्व कामे एकाच हातांनी होत असली तरी संहितेच्या दृष्टीने ती एक नव्हेत. शेतीच्या आवारातील मांडणीचे नियम वेगळे, उघड्यावरील तात्पुरत्या मांडणीचे वेगळे. शहरातील मोठ्या ठेकेदारापाशी या एकेका प्रकाराचा जाणता माणूस असू शकतो; तालुक्याच्या गावी तो सगळा भार एकट्या तारतंत्र्यावर पडतो. संदर्भग्रंथाची खरी गरज म्हणूनच येथे अधिक आहे.

२

ज्याला व्यवहारात ‘कोड’ म्हटले जाते तो एकच ग्रंथ नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. सर्वांत वर कायदा व त्याखालील विनियम आहेत. १९१० चा भारतीय वीज अधिनियम व १९५६ चे भारतीय वीज नियम यांची जागा आता २००३ चा वीज अधिनियम आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम यांनी घेतली आहे. हे विनियम प्रथम २०१० साली व नंतर नव्याने २०२३ साली निघाले. त्याखाली भारतीय मानके येतात. घरगुती व इतर वायरिंगसाठी आय.एस. ७३२ आणि अर्थिंगसाठी आय.एस. ३०४३ ही त्यांतील नित्याच्या उपयोगाची होत. या अनेक मानकांतील आशय एकत्र आणणारा ग्रंथ म्हणजे राष्ट्रीय वीजसंहिता. ती १९८५ साली प्रथम प्रसिद्ध झाली व २०११ आणि २०२३ साली सुधारली गेली.

या पाठांचे अधिकार समान नाहीत. विनियम हा कायदा आहे. मानक हे मुळात तज्ज्ञांचे संमत मत असून कायद्याने त्याचा हवाला दिला म्हणजे त्यास बंधनकारकता येते. म्हणून कोणतेही कलम वाचताना तीन गोष्टी त्याबरोबरच वाचाव्या लागतात : ते कोणत्या ग्रंथातील, कोणत्या सालचे आणि कोणत्या देशाचे. माध्यमाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. कारण या तीन गोष्टी छापील पानावर व पडद्यावर सारख्याच ठळकपणे दिसत नाहीत.

३

छापील ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे त्यातील प्रत्येक वाक्याला ठिकाण असते. हवा असलेला तक्ता डाव्या पानावर, वरच्या बाजूस होता, अशी आठवण वाचकाच्या मनात राहते. एक कलम शोधताना त्याच्या मागचेपुढचे कलम नजरेखालून जाते. अर्थिंगच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. जमिनीत पुरलेल्या पट्टीचा किंवा नळीचा रोध हा केवळ तिच्या लांबीवर अवलंबून नसतो. मातीचा प्रकार व तिच्यातील ओल यांवरही तो अवलंबून असतो. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. श्रावणात समाधानकारक ठरलेले अर्थिंग वैशाखात तसेच राहील असे नाही. मापाचे कलम वाचणाऱ्याने ओलाव्याचे व वेळोवेळी करावयाच्या तपासणीचे कलमही वाचणे म्हणूनच अगत्याचे ठरते, आणि ग्रंथ चाळताना ते आपोआप समोर येण्याचा संभव अधिक असतो. शिवाय काम करताना वीजप्रवाह बंद ठेवलेला असतो. अशा अंधाऱ्या खोलीत ग्रंथाला विजेरी पुरते; भ्रमणध्वनीस स्वतःचीच शिल्लक वीज सांभाळावी लागते.

परंतु ग्रंथ वाचकाकडून काळाची चूक करवितो. आय.एस. ३०४३ हे मानक १९६६ साली निघाले, १९८७ साली सुधारले व २०१८ साली पुन्हा सुधारले. आय.एस. ७३२ ची १९८९ ची आवृत्ती २०१९ साली मागे पडली. दुकानाच्या फळीवरील जुनी प्रत मात्र हे सांगत नाही. तिचे अक्षर स्पष्ट असते, बांधणी शाबूत असते, पूर्वीच्या मालकाच्या खुणांमुळे तिला एक प्रकारचा अधिकारही प्राप्त झालेला असतो. दोन आवृत्त्यांच्या दरम्यान दुरुस्त्या स्वतंत्र पत्रकांनी निघतात. ती पत्रके ग्रंथास जोडली न गेल्यास ग्रंथ न बदलता चुकीचा होतो.

४

अंकीय पाठ हा दोष पुष्कळ अंशी दूर करू शकतो. भारतीय मानक ब्युरोने अलीकडच्या वर्षांत आपली मानके संकेतस्थळावरून विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. त्यामुळे किमतीची जुनी अडचण बव्हंशी उरलेली नाही. कोणत्या मानकाची कोणती आवृत्ती चालू आहे, हे कळंबच्या माणसाला मुंबईच्या माणसाइतक्याच लवकर कळू शकते. ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि पडद्यावरील वाचक बहुधा ग्रंथ उघडीत नाही; तो शब्द टाकून शोध घेतो. येथे स्थळाची चूक होते. ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ हे नाव भारताच्या संहितेचे आहे, तसेच ते १८९७ साली प्रथम निघालेल्या व दर तीन वर्षांनी सुधारल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या संहितेचेही आहे. नुसते ‘कळंब’ लिहिलेले पत्र धाराशिव जिल्ह्याऐवजी यवतमाळ जिल्ह्यातील कळंबला जावे, तसाच हा प्रकार. अमेरिकेत घरगुती दाब सुमारे १२० व्होल्ट, भारतात २३०. तेथे तारेची जाडी त्यांच्या गेजमध्ये, येथे चौरस मिलिमीटरमध्ये. तेथील तक्ता येथे लावणे म्हणजे दुसऱ्याच गावचा रस्ता विचारणे होय.

रंगांच्या बाबतीत हा धोका सर्वाधिक स्पष्ट होतो. तारेचा रंग ही भाषावैज्ञानिक अर्थाने निव्वळ यादृच्छिक खूण आहे. रंग आणि कार्य यांत कोणताही नैसर्गिक संबंध नाही, जो आहे तो संकेताचा. भारतातील प्रचलित संकेतानुसार तीन फेजना लाल, पिवळा व निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा किंवा हिरवा-पिवळा रंग असतो. अमेरिकेत काळी तार सामान्यतः फेजची व पांढरी न्यूट्रलची असते. ब्रिटनने २००४ साली आपला संकेत बदलला व २००६ पासून नव्या कामात नवे रंग सक्तीचे केले. तेथे आता निळी तार न्यूट्रलची आहे आणि तीन फेज तपकिरी, काळ्या व करड्या रंगाच्या आहेत. म्हणजे विहिरीवरील मोटारीच्या पेटीत जी निळी तार जिवंत, तीच ब्रिटिश चित्रात न्यूट्रल. आणि येथील न्यूट्रलची काळी तार त्या दोन्ही देशांत फेजची असू शकते. चित्राखाली देशाचे नाव नसेल, तर ते चित्र पाहणारा कारागीर अज्ञानाने नव्हे, तर वाचनाने फसतो.

शोधाची दुसरी अडचण शब्दाची आहे. अधिकृत पाठ इंग्रजीत असल्याने शोधाचा शब्दही इंग्रजीत व अचूक वर्णांनी द्यावा लागतो. देवनागरीत ‘अर्थ’ असा शब्द टाकला, तर जमिनीऐवजी शब्दार्थ व अर्थव्यवस्था हाती लागण्याचाच संभव अधिक. भरीस भर म्हणून जुन्या आवृत्त्यांच्या छायाप्रती, पहिले पान गळलेल्या अवस्थेत, हातोहात पुढे पाठविल्या जातात. अशा प्रतीत ग्रंथाची काळाची चूक आणि पडद्याची स्थळाची चूक एकत्र येतात.

५

या दोन्ही माध्यमांपलीकडची एक चूक आहे, ती भाषेची. १९५६ च्या वीज नियमांनी धोक्याची सूचना हिंदी किंवा इंग्रजीबरोबरच जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लावणे आवश्यक केले होते. विजेचा धक्का बसलेल्या माणसास शुद्धीवर आणण्याच्या सूचनाही स्थानिक भाषेत लावण्याची तरतूद त्यांत होती. याच वर्षी हा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. धक्का बसल्यानंतर काय करावे हे जिल्ह्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, एवढे कायद्याने सत्तर वर्षांपूर्वी ओळखले. धक्का बसू नये म्हणून काय करावे हे सांगणारी संहिता मात्र इंग्रजीतच राहिली.

तिचा मराठी अनुवाद करू म्हटल्यास अडचण पारिभाषिक शब्दांची येईल असे वाटते. वस्तुतः ती तितकी मोठी नाही. अर्थिंग, फेज, न्यूट्रल, स्टार्टर हे शब्द कारागिराच्या तोंडी रुळलेले आहेत व ते तसेच ठेवणे श्रेयस्कर. खरी अडचण क्रियापदाची आहे. मानकांच्या इंग्रजीत आज्ञा, शिफारस व मुभा यांसाठी तीन निरनिराळी सहायक क्रियापदे ठरवून वापरली जातात. मराठीतील ‘करावे’ हे रूप मात्र आज्ञा, उपदेश आणि इच्छा या तिन्ही अर्थांनी चालते. ‘मोटारीच्या धातूच्या आवरणाला अर्थिंग करावे’ हे वाक्य वाचून एकास तो हुकूम वाटेल, दुसऱ्यास सल्ला. आणि खर्च वाचविण्याच्या वेळी दुसरा अर्थच अधिक सोयीचा वाटेल. ‘करू नये’ या रूपाचीही हीच गत. कायद्याच्या मराठीत आज्ञेसाठी ‘करील’, ‘असेल’ अशी भविष्यकाळी रूपे रूढ आहेत. पण कारागिराच्या कानाला ती भाकितासारखी लागतात.

यावर उपाय भाषेतच आहे. आज्ञेसाठी ‘केलेच पाहिजे’, निषेधासाठी ‘करता कामा नये’, शिफारशीसाठी ‘करणे इष्ट’ आणि मुभेसाठी ‘केले तरी चालेल’, अशी चार रूपे एकदा ठरवून ग्रंथभर न ढळता वापरली तर मूळ पाठातील बंधनाची मात्रा मराठीत उतरू शकते. ‘करावे’ हे रूप अशा ग्रंथातून सर्वस्वी वगळावे लागेल.

६

वरील विवेचनावरून निवडीचा प्रश्न ‘हे की ते’ असा राहत नाही. शिकणाऱ्याने छापील ग्रंथातून शिकावे. कारण त्याला कलमांबरोबर त्यांची मांडणीही शिकावयाची असते. प्रत्यक्ष कामाच्या जागी नित्याचे मोजके तक्ते कागदावर हाताशी असावेत. काम मान्य करून अहवालावर सही करणाऱ्या परवानाधारक ठेकेदाराने मात्र चालू आवृत्ती अंकीय पाठातच पडताळली पाहिजे, आणि तीही शोधयंत्राच्या पहिल्या उत्तरातून नव्हे, तर ब्युरोच्या स्वतःच्या संग्रहातून. कोणत्याही माध्यमात क्रमांक, साल व देश हे तिन्ही जुळल्याशिवाय कलम ग्राह्य धरता कामा नये.

भाषाविभागांकडे येणारे काम याहून वेगळे आहे. विधानातील बंधनाची मात्रा मराठीत कशी व्यक्त होते, याचे व्याकरणात सूक्ष्म वर्णन आढळते. ते कारागिराच्या हाती पडेल अशा स्वरूपात आणणे, तालुक्यातील तारतंत्र्यांकडून वाक्ये वाचून घेऊन कोणते रूप हुकूम म्हणून व कोणते सल्ला म्हणून समजले जाते हे तपासणे, हा पदव्युत्तर संशोधनास सर्वथैव योग्य असा विषय आहे. त्याचे उत्तर प्रबंधात राहिले काय आणि मोटारीच्या पेटीपर्यंत पोहोचले काय, यांतील अंतर एका जिवाइतके आहे.